पहिलीच्या आधीची सहा वर्षं

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीने शिकवण्याचा निर्णय काढला. जूनमध्ये तो थोडा बदलला आणि २९ जूनला मागे घेतला. मधल्या अडीच महिन्यांत मुंबईत मराठीवर जेवढी चर्चा झाली तेवढी एरवी वर्षभरात होत नाही. सक्ती मागे घेतली ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पण स्टॉकहोममधून हा सगळा वाद वाचताना एक गोष्ट सतत खटकत होती. दोन्ही बाजू सहा वर्षांच्या मुलापासून बोलायला सुरुवात करत होत्या.

सहाव्या वर्षी मूल पहिलीत बसतं तेव्हा त्याची बोलण्याची भाषा जवळजवळ उभी राहिलेली असते. लिंग, वचन, 'मी गेले' आणि 'तो गेला', 'मला' कधी आणि 'मी' कधी, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आंघोळ घालताना, भरवताना, खिडकीतून कावळा दाखवताना ते आलेलं असतं.

याची सुरुवात किती लवकर होते, हे जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये कॅनडातून दाखवलं. त्यांनी वापरलेले आवाज आपल्याच घरातले होते: 'त' आणि 'ट'. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या या दोन आवाजांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला. जे आवाज आजूबाजूला कामाचे नाहीत, त्यांच्याकडे बाळाचा कान वर्षाच्या आतच दुर्लक्ष करू लागतो.

मग मराठी कार्टून लावून ठेवलं तर? पॅट्रिशिया कूल यांच्या अमेरिकेतल्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांसमोर बारा बैठकांत मॅन्डरिन बोलणारी माणसं बसवली. ती पुस्तकं दाखवत, खेळणी पुढे करत आणि बाळाकडे बघून बोलत. त्या बाळांना मॅन्डरिनचे आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटाला तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तिसऱ्याला नुसतं ऐकवलं. या दोन्ही गटांच्या पदरात काहीच पडलं नाही. बाळ कुठे बघतंय हे पडद्याला कळत नाही. त्याने 'बाऽ' म्हटलं म्हणून पडदा थांबतही नाही.

खरं काम ही देवघेव करते. मूल काहीतरी करतं, मोठं माणूस लगेच त्यालाच धरून उत्तर देतं, मग मूल पुन्हा काहीतरी करतं. एमआयटीत २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मुलाने दिवसभरात किती शब्द ऐकले यापेक्षा किती फेऱ्या बोलणं झालं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी अधिक जवळचा संबंध होता. घरात पैसा किती, याचा या संबंधावर परिणाम नव्हता. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही हे जमू शकतं, त्यामुळे मुंबईपुरती मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता हे करायचं कसं? आधी मूल बघतंय तिकडे आपण बघायचं. त्याची नजर पंख्यावर असेल तर हातातल्या पुस्तकातल्या हत्तीचं काम नाही. 'पंखा! गरगर फिरतोय पंखा' एवढं म्हणायचं आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यांत जड जातं. मनात पाच ते दहा अंक मोजावेत. लहान मुलाला ऐकलेलं समजून तोंड हलवायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण दोन सेकंदांत पुढचा प्रश्न विचारून त्याची पाळी खाऊन टाकतो. आवाज, हातवारा, नुसतं हसणं, काहीही आलं तर ते उत्तर धरायचं आणि त्यात एक-दोन शब्दांची भर घालायची. मूल 'भूभू' म्हणालं की 'हो, काळा भूभू आला'. मुलगी 'मी गेला' म्हणाली तर 'चूक, गेले म्हण' असं नको. 'हो, तू गेलीस ना बागेत!' एवढं पुरतं. बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि बोलण्याचा धागाही तुटत नाही.

मंमं, भुर्र, माऊ, चिऊ, काऊ हे बाळबोलीचे शब्द सोडायची गरज नाही. ते ओठांना सोपे असतात, आणि लांबवलेला, वरखाली होणारा आवाज बाळाचं लक्ष बांधून ठेवतो. फक्त वाक्य पुरं हवं: 'चल, भुर्र जाऊ या.' बुवा-कूकसारखा खेळ म्हणजे तर आपली पाळी, तुझी पाळी याचा पहिलाच धडा.

बिघडतं कुठे? पहिली चूक परीक्षेची: 'हे काय? रंग कोणता? काकूंना बोलून दाखव.' उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नांतून संवाद होत नाही. दुसरी, मागण्याआधीच सगळं हातात देण्याची. घरात आजी, आई आणि सांभाळणाऱ्या ताई तिघी तत्पर असतील तर मुलाला बोलायचं कारणच उरत नाही. बिस्किटाचा डबा दिसेल पण हात पोचणार नाही असा ठेवा आणि वाट बघा. तिसरी, दिवसभर चालू टीव्ही. आपल्याला तो सवयीचा झालेला असतो, पण मुलाला त्या गोंगाटातून शब्द वेगळे काढणं अवघड जातं. भरवताना समोर धरलेला मोबाइल तर दिवसातल्या तीन उत्तम गप्पा गिळून टाकतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको, असं म्हटलं आहे.

चौथी चूक मुंबईत सर्रास दिसते, आणि तिचं मला मनापासून वाईट वाटतं. नर्सरीच्या प्रवेशाच्या धास्तीने आईबाबा स्वतःला सहज न येणारं इंग्रजी मुलाशी बोलतात. 'ॲपल खा, हँड वॉश कर, शूज काढ.' त्यात नामं आणि हुकूम एवढंच उरतं. 'कावळ्याने पोळी पळवली, आता तो कुठे बसला असेल बरं?' असं वाक्य त्या इंग्रजीत येत नाही, कारण ते आईलाच येत नाही. मुलाची इंग्रजी वाढत नाही आणि मराठीही पातळ राहते. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गंमत सांगता, ती भाषा मुलाला द्या. दोन भाषांनी मूल गोंधळतं ही भीती खरी नाही. आईला मराठी आणि बाबांना गुजराती सहज येत असेल, तर दोन्ही बोलाव्यात. फक्त मुलाला किती शब्द येतात हे मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे.

स्वीडनमध्ये या बाबतीत काय चांगलं आहे, ते सांगायलाच हवं. एका मुलामागे आईबाबांना मिळून ४८० दिवसांची भरपगारी नसली तरी भत्त्यासह रजा मिळते, आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात. बाबांनी ते घेतले नाहीत तर वाया जातात. बालआरोग्य केंद्रात अडीच-तीन वर्षांच्या सुमारास बोलणं तपासतात आणि परिचारिका घरची भाषाच बोला असं सांगते. भारतात २०१७ पासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, पण खासगी नोकरीतल्या बाबांसाठी कायदा नाही. विरारहून चर्चगेटला जाणारा बाप मूल झोपेत असताना निघतो आणि झोपल्यावर परततो. मराठीच्या मोर्च्यात पितृत्व रजेची मागणी का नसावी?

पण इथे स्वीडनमध्ये नसलेली गोष्ट मुंबईत फुकट मिळते: जिन्यात भेटणारे आजोबा, भाजीवाल्या मावशी, वॉचमन काका. इथे मराठी दोन माणसांच्या तोंडून ऐकू येते, आणि पाळणाघरात गेल्यावर मूल स्वीडिशमध्ये उत्तर द्यायला लागतं. बेल्जियममध्ये अनिक द हाउवेर यांनी दोन भाषा कानावर पडणाऱ्या सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली. त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यात मुलं घरची वेगळी भाषा बोलतच नव्हती. नुसतं कानावर पडणं पुरेसं नाही, हे त्यातून दिसतं. आता हीच तक्रार अंधेरी-पवईच्या मराठी घरांतूनही येते: आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तर देतं.

अशा वेळी ओरडू नका, आणि त्याच्या भाषेत वळूही नका. मूल म्हणालं, 'आय वॉन्ट वॉटर', तर 'तुला पाणी हवंय? गार की साधं?' असं विचारा आणि थांबा. 'गार' एवढं जरी आलं तरी ग्लास भरा आणि म्हणा, 'हे घे, गारगार पाणी.' दिवसात असे दहा प्रसंग निघतात.

आणि शंका असेल तर वाट बघू नका. बारा महिन्यांपर्यंत बा-बा, दा-दा अशी बडबड नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊनही 'दूध दे'सारखे दोन शब्द जोडून येत नसतील, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'याचे बाबाही उशिरा बोलले' हे उत्तर पुरेसं नाही. आधी कान तपासा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. जाताना मूल जे काही बोलतं ते शब्द, बोबडे असले तरी, सगळ्या भाषांतले, एका कागदावर लिहून न्या.