मिठातला सोडियम पेट घेत नाही, आणि आयोडीन विष नाही

काल मामीने आयोडीनच्या मिठाची अख्खी पिशवी मोरीत ओतली. मामेबहिणीला पाचवा महिना लागलाय, ती बाळंतपणासाठी माहेरी आलीये, म्हणून जास्तच काळजी. कारण काय, तर सगळीकडे फिरणारा एक मेसेज: मिठातला सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन हा युद्धातला विषारी वायू, आयोडीन हे कारखान्यातलं केमिकल, म्हणून फक्त शेंदेलोण खा, त्यात ८४ खनिजं असतात.

सोडियम पाण्यात पेट घेतो, खरंय. शाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात तो त्याचसाठी. क्लोरीन १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर वापरला, हेही खरं. पण मिठात हे दोघे त्या रूपात उरतच नाहीत. सोडियमच्या अणूला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला एक हवाच असतो. ती देवघेव झाली की दोघेही शांत. सोडियम धातू ९८ अंशांना वितळतो, मीठ ८०१ अंशांना. संयुगाचे गुण मूलद्रव्यांवरून ठरवायचे तर पाणीही पिता येणार नाही, त्यातला हायड्रोजन जळतो. आणि शेंदेलोण म्हणजे तरी काय? बहुतांश तेच सोडियम क्लोराइड. गुलाबी रंग लोहाचा. ती ८४ खनिजं असलीच तर इतकी नगण्य की पोषणाच्या हिशेबात धरता येत नाहीत.

मला राग आहे तो आयोडीनच्या मुद्द्याचा. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात; त्यांच्याशिवाय तो बनतच नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर चालते आणि बाळाला आयोडीन मिळतं ते आईकडूनच. गरोदरपणी रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे पाव मिलिग्रॅम. साध्या शेंदेलोणातून एवढंही मिळत नाही. आयोडीन कमी पडलं की गळ्याला सूज येते, तो गलगंड. मिठातून आयोडीन दिलं तर तो कमी होतो का, हे हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी या वैद्यकीय संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून तपासलं. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ, एकाला साधं. सहाएक वर्षांत त्या दोन भागांतला गलगंड निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला, तिसऱ्यात होता तिथेच राहिला. देशभर गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, त्यामागे हे काम होतं.

आयोडीन फार झालं तर काहींची थायरॉइड बिघडते, हे मान्य. पण दुकानातल्या मिठात ते अगदी थोडं असतं: किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावं, असा नियम आहे. मेसेजमध्ये मीठ कमी खा असंही म्हटलंय, ते मात्र बरोबर. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. ते शेंदेलोणालाही लागू आहे.

मामी, शेंदेलोण उपवासाला ठेव. मी संध्याकाळी नवी पिशवी घेऊन येते. डब्याचं झाकण घट्ट लाव, ओल लागली की आयोडीन कमी होतं.