खुलासा: मुंबईतला जॅझ 1978 चा नाही

‘मुंबईत जॅझ आला तो 1978 च्या जॅझ यात्रा या महोत्सवामुळे, त्याआधीचे गोवेकर वादक सिनेमात नुसतं लिहिलेलं वाजवायचे’ असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही विधानं चूक आहेत.

लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद 1935 मध्येच ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पियानोवादक टेडी वेदरफर्डही पुढे तिथे होता. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, याच हॉटेलांच्या जगातला. 1951 च्या ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो; संगीत सी. रामचंद्र यांचं.

आता ‘नुसतं लिहिलेलं’. मुळात ते लिहायचं कोण? संगीतकार चाल गुणगुणून दाखवायचा; स्वरमेळ बांधून प्रत्येक वाद्याचा कागद अरेंजर तयार करायचा, आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखे कित्येक अरेंजर गोव्याचेच होते. हे नकलून काढण्याचं काम नव्हे. काही वाद्यं कागदावरच्यापेक्षा खालचा स्वर काढतात; म्हणून पियानोचा ‘सी’ हवा असेल तर बी-फ्लॅट ट्रम्पेटला ‘डी’ लिहावा लागतो, आल्टो सॅक्सोफोनला ‘ए’. विसरून सगळ्यांना एकच कागद दिला, तर ट्रम्पेट एक पूर्ण स्वर खाली बोलतो, आल्टो त्याहून बराच खाली, आणि पहिल्याच मात्रेला कालवा होतो. स्वरलिपीचा हा पाया गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेजने, म्हणजे ‘दो-रे-मी’ या स्वरनावांनी गाऊन स्वरलिपी वाचण्याच्या सरावाने, पक्का होई.

जॅझ यात्रा मोठीच होती, पण ती आली तेव्हा चिक चॉकलेटला जाऊन 11 वर्षं झाली होती.