मुठेत पाणबुडी

वॉटरडीपऐवजी पुणं घेऊ या, हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, वीस बाजूंचा फासा असतो. आणि एक अभागी जीव बाकीचं अख्खं जग चालवतो : राजा, चोर, गाढव, हवामान, सगळं. त्याला डीएम म्हणतात. आमच्यात तो मी, कारण पुस्तक माझ्याकडे होतं. क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. इथे ज्याचं पुस्तक त्याचं मरण.

पुस्तक म्हणजे 'वॉटरडीप : ड्रॅगन हाइस्ट', २०१८चं. वॉटरडीप हे समुद्रकाठचं मोठं शहर. तिथल्या माजी कारभाऱ्याने पाच लाख सोन्याची नाणी हडपून शहरातच कुठेतरी दडवली आहेत आणि ती शोधायला सगळे टपले आहेत. गोष्ट उत्तम आहे. (नावात दरोडा असून आत म्हणावा तसा दरोडा नाही, ही तक्रार जगभरचे खेळाडू करतात, पण ते असो.) अडचण नावांची झाली. त्या कारभाऱ्याचं नाव डागल्ट नेव्हरएम्बर. माझा मेहुणा पहिल्या दिवसापासून त्याला 'नोव्हेंबर' म्हणायचा, आणि तिसऱ्या बैठकीला त्याने गंभीरपणे विचारलं, ''हा नोव्हेंबर येणार कधी?''

तेव्हा मला वाटलं, नावंच बदलून टाकू. पेशवाईतलं पुणं घेऊ, साल १७९०. वॉटरडीपमध्ये वॉर्ड आहेत, आपल्याकडे पेठा आहेत, त्याही सात वारांच्या सात. एका संध्याकाळचं काम.

आम्ही खेळतो ते आमच्या बँकवाल्या मित्राच्या घरी, आणि त्याच्या हॉलमध्ये झोपाळा आहे. झोपाळ्यावर त्याचे वडील असतात. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते खेळत नाहीत. ते फक्त ऐकतात, असं आम्ही समजत होतो.

''तुम्ही सगळे एका गुत्त्यात बसलेले आहात,'' मी सुरुवात केली. असले सगळे खेळ दारूच्या गुत्त्यातच सुरू होतात, तो रिवाज आहे.

झोपाळा थांबला. ''१७९० म्हणालास ना? सवाई माधवरावांचं पुणं. असा उघड गुत्ता चालवलात तर कोतवालाच्या चावडीवर जाल सगळे.''

मी गुत्त्याची धर्मशाळा केली. दिसायला एका शब्दाचा बदल, पण पुस्तकात पुढे खेळाडूंना बक्षीस म्हणून एक मोडका गुत्ता मिळतो, तो त्यांनी चालवायचा, आणि फासा टाकून नफा-तोटा काढायचा. धर्मशाळेला कसला आलाय नफा? बँकवाला, ज्याने केवळ या नफ्यासाठी तीन आठवडे कळ काढली होती, तो माझ्याकडे हप्ते थकवलेल्या कर्जदाराकडे बघावं तसा बघत राहिला. बक्षीस देणारा माणूस मूळ पुस्तकात एक फिरता लेखक आहे. कामाचे पैसे देतो म्हणतो आणि ऐन वेळी रोख नाही म्हणून पडकी वास्तू गळ्यात मारतो. त्याला मी बखरकार केला. लेखकाकडे पैसे नाहीत, यावर मात्र कुणीच पुरावा मागितला नाही. गुत्त्यातल्या भुताचा मी पिंपळावरचा मुंजा केला, तोही काकांनी पास केला. एवढे दोनच.

मग रात्र झाली. खेळातली. चोरीचा खेळ म्हटल्यावर सगळं रात्रीच चालणार. मंडळी दबक्या पावलांनी बुधवार पेठेतून निघाली.

''धडाम,'' काका म्हणाले.

''काय झालं?''

''तोफ झाली. रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यावर दिसेल त्याला कोतवालाची माणसं धरतात. झाले हे आत.''

पहिल्याच रात्री चारही पात्रं आत. कोतवाल कोण, हे मेहुण्याने विचारलं आणि विचारल्यावर त्याचं त्यालाच आठवलं. घाशीराम! मग त्याने जे केलं त्याला आमच्या खेळात महापाप म्हणतात : खेळाडूला ठाऊक असलेलं पात्राला ठाऊक करून दिलं. ''पुढच्या वर्षी लोक याला दगडांनी मारणार आहेत,'' तो बाकीच्यांना म्हणाला, ''तोवर आत बसू. खायला-प्यायला मिळतंय.'' शहर बदलताना मी नकाशा तपासला होता, पेठा तपासल्या होत्या. १७९१ साली काय होणार हे शाळेत शिकलेली माणसं खेळायला बसणार आहेत, हे तपासलं नव्हतं.

वॉटरडीपचा कारभार मुखवटा घातलेले सरदार चालवतात. ते कोण हे कुणालाच माहीत नसतं आणि पुस्तकातली निम्मी गंमत त्यावर उभी आहे. पुण्यात हे पाच मिनिटंही टिकलं नाही. ''मुखवट्याआड कोण आहे हे पेठेत कुणालाच माहीत नाही?'' बँकवाल्याने विचारलं. ''अरे, आमच्या सोसायटीत कुणाकडे कुणाची मोलकरीण जाते हे सगळ्यांना माहीत असतं.'' (दुपारी एक ते चारचा विनोद या लेखात येणार नाही. मी शपथ घेतली आहे.)

खरा घोळ ऋतूंचा. पुस्तकात खलनायक चार आणि प्रत्येकाला एकेक ऋतू : वसंतात झनाथर, उन्हाळ्यात कॅसलँटर दांपत्य, शरदात जारलॅक्सल, हिवाळ्यात मनशून. डीएमने ऋतू निवडायचा की खलनायक आपोआप ठरतो. आता आपल्याकडे वसंत आणि उन्हाळा यांतला फरक कवींनाच कळतो. म्हणजे उन्हाळ्याला खलनायक दोन आणि पावसाळा बिनखलनायकाचा. बरं, जारलॅक्सलला शरदात ठेवावा म्हटलं, तर तो बंदरात तीन जहाजं लावून बसलेला. शिवाय त्याच्याकडे पाणबुडी आहे.

मी ती मुठेत घालायचा प्रयत्न केला. आमच्यात खेळणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, ''मे महिन्यात?''

''मग मुंबई घे ना, समुद्र आहे तिथे,'' मेहुणा म्हणाला. तो ठाण्याचा आहे. त्याला आम्ही चहा दिला आणि विषय पुढे नेला.

जहाजं गेली, पाणबुडी गेली, जारलॅक्सल निम्मा उरला. साडेतीन खलनायक! झोपाळ्याचा वेग एकदम वाढला. ''साडेतीन शहाणे!'' काका म्हणाले. ''सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणीस अर्धे, कारण तलवार नाही.'' तुझा तो पाणबुडीवाला म्हणजे अर्धा शहाणा, असं ठरलं. चार महिन्यांत काका माझ्यावर खूश झाले ते त्या दिवशी.

खजिन्याचंही सांगायला हवं. पाच लाख सोन्याची नाणी. बँकवाल्याने हिशेब मांडला : शनिवारवाड्याला खर्च आला रुपये १६,११०. सोनं जाऊ दे, नाण्याला नुसता एक रुपया धरला तरी हे एकतीस शनिवारवाडे होतात. शिवाय नियमाप्रमाणे पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एकूण वजन साडेचार टन. ''बैलगाड्या किती लागतील आणि चारा कुणाच्या खात्यावर?'' वॉटरडीपमध्ये हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. परक्या शहरातला खजिना डोळे मिटून मान्य होतो. ओळखीच्या गल्लीतला म्हटलं की लोक वजनकाटा मागतात.

आणि मग तो रविवार. पुस्तकातल्या प्रसिद्ध सरायमध्ये एक खोल विहीर आहे, तिच्यातून शहराखालच्या भुयारांत उतरता येतं. मला वाटलं, याला पुण्यात तोड आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून नुसत्या उतारावर शहरात आणलं, पेठांमधून हौद बांधले. काळ्या हौदात उतरायचं आणि नळातून भुयारात शिरायचं. मी खुशीत वर्णन केलं.

डॉक्टरीणबाईंचं पात्र अर्धा ऑर्क आहे, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा राक्षसासारखा. त्यांनी पात्राच्या कागदाकडे बघत विचारलं, ''मी हौदाला हात लावलेला चालेल का?''

कुणी हसलं नाही. झोपाळा थांबला होता.

''नाही चालणार,'' काका म्हणाले. ''जोतिरावांनी घरचा हौद सगळ्यांना खुला केला तो १८६८ला.''

वॉटरडीपमध्ये अर्धा ऑर्क कुठेही पाणी पितो, त्यासाठी पुस्तकात ओळसुद्धा खर्ची घातलेली नाही. मी तोफ आणली होती, कोतवाल आणला होता, साडेतीन शहाणे आणले होते. आणि ही एक गोष्ट न आणता पुणं आणता येईल असं मला वाटत होतं. 'जादूचं पुणं आहे, इथे तसं काही नसतं' असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण तोफ मात्र होती म्हणे. मिटलं.

डॉक्टरीणबाईंनीच फासा उचलला. ''आपल्या धर्मशाळेला अंगण आहे ना? तिथे खणू या.''

तेव्हापासून आम्ही हौद खणतोय. सहा बैठका झाल्या. मेहुण्याच्या जादूगाराने अग्निगोल टाकून खडक फोडला, मुंज्याला राखणीला बसवला, बँकवाल्याने चुन्याचा आणि गुळाचा हिशेब ठेवायला वेगळी वही केली. धर्मशाळा तोट्यात आहे आणि तो कमालीचा खूश आहे. नळाला किती उतार द्यायचा आणि हवेसाठी उच्छ्वास किती अंतरावर ठेवायचे, यावर काका आणि मेहुणा यांच्यात गेल्या रविवारी भांडण झालं. काका झोपाळ्यावरून उठून टेबलाशी आले होते. आता त्यांच्याकडेही फासा आहे.

पाच लाख नाण्यांबद्दल कुणी विचारत नाही. पुस्तकात खजिन्यावर सोनेरी ड्रॅगन बसलेला असतो, बुटक्या म्हाताऱ्याच्या वेषात. मी त्याला पर्वतीखाली ठेवला आणि रोज पहाटे एकशे तीन पायऱ्या चढणाऱ्या आजोबांचा वेष दिला. पुण्यात याहून बिनधोक वेष सापडणार नाही, याचा मला अभिमान होता. मंडळी त्यांच्यासमोरून दोनदा गेली. दुसऱ्या वेळी बँकवाल्याने त्यांना थांबवून विचारलं, ''आजोबा, इकडे गवंडी कुठे मिळतील?''

मी फासा टाकला. वीस आले. ड्रॅगनने पत्ता सांगितला.