जामीनदार

ठाणे जेलमधल्या गर्दीची बातमी सगळ्यांनी वाचलेली होती, त्यामुळे अण्णांनी सरळ निकालच दिला. "गर्दी झाली म्हणे! लग्नाला आलेत का?"

तलावपाळीचा आमचा नेहमीचा कट्टा. अण्णा बँकेतून रिटायर झालेले, सोसायटीचे चेअरमन. गुन्हेगारीवरचा त्यांचा उपाय दोन कानाखाली देण्यापासून सुरू होतो आणि तिसऱ्या वाक्याला फाशीवर पोचतो.

दिलीप कोर्टनाक्यावर एका वकिलाकडे कारकून आहे. म्हणाला, "१,१०५ जणांची जागा आहे अण्णा. आत त्याच्या कितीतरी पट माणसं असतात."

"मग? मी पस्तीस वर्षं आठ-बाराच्या फास्टला लोंबकळत गेलो. मला विचारलं कोणी?"

"तुम्ही दादरला उतरत होतात."

मंग्याचा चहा नाकात गेला.

अण्णा इतिहासात शिरले. हा किल्ला आहे, जेल नंतर झालं, कान्हेरेंना १९१० साली इथेच फाशी दिली, त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले वगैरे. हे आम्ही दर पावसाळ्यात ऐकतो.

"डेंगळ्यांना पळायला जागा तरी होती," दिलीप म्हणाला. "आता कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं."

"मग नवीन जेल बांधा!"

"तळोजाला बांधलं की. २,१२४ ची जागा. तीही पुरत नाही. तुमच्या सोसायटीचं गटार तुंबलं तेव्हा तुम्हीही चेंबर मोठा केला होतात."

"परत तुंबलं," मंग्या म्हणाला. "वर्गणी मात्र दोनदा."

अण्णांनी गटाराचा विषय घटनाबाह्य ठरवला. "आत बसलेत ते चोर आहेत, मुद्दा एवढाच."

"देशात १०० कैद्यांतले सत्तरच्या वर कच्चे आहेत."

"कच्चे? आंबे आहेत का?"

"खटला संपायचाय त्यांचा. चोर असं कोर्टाने अजून म्हटलेलं नाही, तुम्ही म्हणताय. तारखेला पोलीस पार्टी मिळत नाही, आरोपी कोर्टात पोचत नाही, की मिळाली पुढची तारीख."

मंग्याने नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं काढलं. कलम ४७९, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सोडायचं. मंग्या व्हॉट्सॲपवर शिकतो, पण हे बरोबर होतं. दिलीपने मान हलवली. "फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. आणि एकाहून जास्त केसेस पेंडिंग असल्या तर तेही नाही. पण ज्यांना जामीन मिळालाय, त्यांचं काय?"

"मिळालाय तर घरी जावं!" अण्णा.

मग दिलीपने त्याच्याकडच्या एका पोराचं सांगितलं. मोबाईल चोरीची केस. जामीन झाला, पंधरा हजारांचा. जामीनदार पाहिजे, त्याचं रेशनकार्ड पाहिजे, पगाराची स्लिप पाहिजे. पोरगा नाक्यावरचा बिगारी, बाप गावी. त्याच्या ओळखीत पगाराची स्लिप पाहिलेला माणूसच नाही. जामीन हातात असून पाच महिने आत. "महिन्यात जामीनदार उभा राहिला नाही तर अटी सैल करायचा विचार करा, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये खालच्या कोर्टांना सांगितलंय. पण अर्ज टाकायला कोणीतरी लागतं. आमच्या साहेबांनी टाकला, फी न घेता. म्हणून पाच महिने, नाहीतर अजून असता."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. अण्णासुद्धा. पण अण्णांना शांतता पचत नाही. "हे बघ, अनोळखी माणसाला जामीन राहायचं म्हणजे जोखीम असते."

"ओळखीच्या माणसाला तरी कुठे राहिलात?"

झालं! २००९ सालची स्कूटर. दिलीपने लोन काढलेलं, अण्णा सही करतो म्हणाले आणि ऐनवेळी शिर्डीला गेले.

"अरे, रिझर्व्हेशन होतं माझं!"

"परत आलात की नाही? का तिथेच पुढची तारीख पडली?"

"मी बँकेचा माणूस. नियम होता, स्टाफने असं—"

"आधी रिझर्व्हेशन होतं, आता नियम होता," मंग्या म्हणाला. "जबाब फिरवू नका. फितूर म्हणून घोषित करतील."

अण्णा चिडून उठले. घरी पाकीट विसरल्याचं त्यांना उठल्यावर लक्षात आलं. "चंदू, चहाचे उद्या देतो रे."

चंदूने वही काढली. मंगळवारचे दोन कटिंग, गुरुवारचा एक, क्रीमरोल वेगळा.

मंग्याने वहीत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "एकाहून जास्त केसेस पेंडिंग आहेत. ४७९ लागू नाही."