विश्वाचा रंग दोन महिन्यांत बदलला नव्हता

‘नासाने विश्वाचा खरा रंग शोधला! काळं आकाश हा डोळ्यांचा भ्रम. जानेवारी २००२मध्ये विश्व फिरोजी होतं, मार्चपर्यंत दुधाळ कॉफीसारखं झालं, म्हणजे ते विझत चाललंय. दुर्बिणींचे फोटो तर रंगवलेलेच असतात.’ हा फॉरवर्ड आता भाचीच्या विज्ञानाच्या वहीत जसाच्या तसा उतरलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

नासाचा उल्लेख चुकीचा आहे. हे काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री यांचं. ऑस्ट्रेलियातल्या ३.९ मीटरच्या दुर्बिणीने टिपलेले २ लाखांहून अधिक दीर्घिकांचे (तारकासमूहांच्या प्रचंड वस्त्यांचे) वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे याच्या नोंदी, त्यांनी वापरले. ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मधल्या २००२च्या त्यांच्या शोधनिबंधाचा विषयही रंग नव्हताच. कोणत्या काळात किती तारे जन्मले, हे त्यांना काढायचं होतं.

आता त्या दोन महिन्यांबद्दल. बदलला तो हिशेब, विश्व नव्हे. वर्णपटावरून रंग काढायची रीत अशी: दीर्घिका दूर जात असल्याने तिचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्याकडे सरकतो, या सरकण्याच्या मापाला ताम्रसृती म्हणतात. मोजलेल्या तरंगलांबीला (१ + ताम्रसृती) ने भागायचं, म्हणजे हा परिणाम निघून जातो. मग सगळे वर्णपट एकत्र मिळवायचे. त्या बेरजेला माणसाच्या डोळ्यासाठी १९३१मध्ये ठरलेल्या तीन वक्रांनी (कोणत्या तरंगलांबीला डोळा किती प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या आलेखांनी) गुणायचं आणि आलेले तीन आकडे पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्यात उतरवायचे. या शेवटच्या पायरीआधी ‘पांढरं’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. त्याला पांढरा बिंदू म्हणतात. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका तोच चुकलेला होता. पांढरा बिंदू तांबड्याकडे सरकला की बाकी सगळं हिरवट-निळं दिसू लागतं. रंगशास्त्रज्ञांनी चूक दाखवून दिली, दोघांनी ती उघडपणे मान्य केली आणि सुधारलेला रंग फिकट बदामी आला: लाल २५५, हिरवा २४८, निळा २३१. ‘कॉस्मिक लाते’ (लाते म्हणजे दुधाळ कॉफी) म्हणतात तो हाच. तोच वर्णपट, पण पांढरं म्हणून दिवसाचा उजेड धरला तर रंग गुलाबीसर येतो. मूळ मोजमापाला यातल्या कशानेच धक्का लागत नाही.

काळं आकाश भ्रम असल्याचा दावाही याच आकड्यांपुढे टिकत नाही. लाल २५५ आला, कारण तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा मुद्दाम कमालीला नेलेला असतो. म्हणजे ही फक्त छटा आहे, उजेड किती ते यात नाहीच. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, त्यामुळे मर्यादित अंतरापलीकडचा प्रकाश अजून पोचलेला नाही. जो सगळीकडून येतो, त्या आदिम प्रारणाचं (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेल्या प्रकाशाचं) तापमान आज २.७२५ केल्विन आहे आणि त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला ते दिसत नाही. आकाश खरोखरच काळं आहे.

‘विझत चाललंय’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. तरुण, तप्त तारे निळे असतात आणि लवकर संपतात. नवे तारे पूर्वीपेक्षा कमी जन्मतात, म्हणून एकत्रित प्रकाश निळ्याकडून तांबड्याकडे सरकतोय. पण याला अब्जावधी वर्षं लागतात.

फोटोंचं म्हणाल तर रंग नेमून दिलेले असतात, हे खरं. हबल या अंतराळ दुर्बिणीच्या १९९५च्या प्रसिद्ध धूळस्तंभांच्या चित्रात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवलाय. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच, ६७३ आणि ६५६ नॅनोमीटरवर. जसेच्या तसे दाखवले असते तर कुठे काय आहे ते वेगळं कळलंच नसतं. वेब ही अंतराळ दुर्बीण तर बहुतांशी अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपते. तिथे सर्वांत लांब तरंगलांबीला लाल आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा देतात. रंग नेमलेला असतो, पण प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजलेली असते. ‘रंगवलेले’ या शब्दाने हा फरकच पुसला जातो, आणि वहीतून आधी खोडायला हवा तो हाच शब्द.