वाडा विकायचा तर विका, पण आधी आम्हाला विचारा

सांगलीत खणभागातल्या आमच्या वाड्यात परवा दोन पोरं टेप घेऊन आली. आईनं विचारलं, "कुणाकडं आलाय?" तर म्हणाली, "मावशी, माप घ्यायला पाठवलंय." वाडा विकायला काढलाय हे आम्हा अकरा बिऱ्हाडांना असं कळलं.

मालक वाईट माणसं नाहीत. थोरले मालक होते तोवर दर महिन्याला स्वतः यायचे, सोप्यात बसून पावती फाडायचे, चहा घेऊन जायचे. आता वारस पुण्यात. भाडं घेतलं तर हक्क मान्य केल्यासारखं होईल म्हणून ते घेतच नाहीत. आम्ही मनिऑर्डर करतो, ती 'घेण्यास नकार' शेरा घेऊन परत येते. आईनं त्या सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात.

त्यांचंही एक खरं आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. साठ रुपये भाड्यावर ती होते दोन रुपये चाळीस पैसे. यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत, हे मी भाडेकरू असून कबूल करतो. पण मग दुरुस्ती कुणी केली? 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, आमच्याकडं माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. सोप्यातल्या खांबावर त्या पाण्याची रेघ आईनं खडूनं मारलीय, पुसू देत नाही. गाळ आम्ही काढला, खालच्या भिंतींचा गिलावा वर्गणी काढून आम्ही केला. आता तोच वाडा 'धोकादायक' म्हणून कागदावर यायला लागला, की बिल्डरचं काम सोपं.

मला फुकट काही नको, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये 'आयतोबा' सुरू होईल. मागणी एवढीच: मालकाला विकायचं असेल तर त्यानं पहिली विचारणा राहणाऱ्यांना करावी, बाहेरचा जो भाव देतोय त्या भावात, आणि पैसे उभे करायला ठरावीक मुदत द्यावी. आम्हाला नाही जमलं तर खुशाल बिल्डरला द्या. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात 1980 पासून असा कायदा आहे. आपल्याकडं मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी 1986 साली म्हाडा कायद्यात तरतूद आली: सत्तर टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पटीत इमारत घेता येईल. मालक कोर्टात गेले. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं बहुमतानं सांगितलं, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. ठीक. शंभर पट भाडं म्हणजे आमच्या हिशेबात बिऱ्हाडामागं सहा हजार रुपये, तेवढ्यात वाडा मागायला मलाही लाज वाटेल. म्हणून तर बाजारभाव म्हणतोय.

"तुमच्याकडं एवढे पैसे कुठले?" असं मालकांचा नातू फोनवर हसत म्हणाला.

अरे बाबा, हा सांगली जिल्हा आहे. इथं शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून साखर कारखाने उभे केले. वसंतदादांच्या काळात सरकारनं भागभांडवल घातलं, कर्जाला थकहमी दिली. उसाला हमी मिळते, घराला का नाही? कुळकायद्यात 1 एप्रिल 1957 ला कुळं कसत्या जमिनीची मालक झाली, किंमत हप्त्यानं फेडली. माझे आजोबा त्यातलेच. शेतात कूळ असलेल्याला जमीन मिळाली आणि शहरात तीन पिढ्या भाडं भरणाऱ्याला मात्र टेपवाली पोरं.

आमच्यात दोघं गणपती पेठेत हमाल आहेत, एक ताई मिरजेत दवाखान्यात आया आहे. विश्रामबागेला दोन खोल्यांना सात-आठ हजार मागतात. हे लोक कुपवाडच्या पलीकडं जातील, पहाटेच्या कामाला कशानं येतील? वर ज्या पैशांत ते तिथं भाडं भरणार, त्याच पैशांत इथं कर्जाचा हप्ता बसतो. बँका मात्र म्हणतात, पडक्या वाड्यावर, तेही अकरा जणांना मिळून, कर्ज कसं द्यायचं? एखाद्या पतसंस्थेनं मनावर घेतलं तर बघायचंय.

रविवारी संध्याकाळी वाड्याच्या चौकात बसतोय. नातवालाही बोलावलंय, येतो म्हणालाय. चहा आईकडं आहे.