पत्र्याचं थिएटर आणि काजवे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली, कालपासून डोक्यात तीच घोळतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, दादांचं म्हणणं असं की ओपन एअर थिएटरवरच्या पोस्टमध्ये मी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावच्या सन पिक्चर्सचं "निसर्गाशी जुळवून घेणारं" म्हणून कौतुक केलं, पण ते तर चक्क पत्र्याचं आहे, त्यात निसर्ग कुठे आला? आणि दुसरं, डोंगरात पडदा लागला की लाइट, आवाज, गाड्या सगळं येतं आणि काजवे जातात, मग निसर्ग हवाय तर तिथे काही बांधूच नका.

काजव्यांचं आधी घेते कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते माझ्या पोस्टमध्ये यायलाच हवं होतं. काजवे जोडीदार शोधतात ते उजेडाच्या खुणेवर, त्यात आपला पडदा दोन-अडीच तास लखलखत राहिला तर त्यांची ती रात्र वायाच, आणि त्यांच्याकडे रात्री तरी किती असतात. पिवळे मंद दिवे लावले की किडे कमी येतात हे खरंय, पायवाटेला गुडघ्याखाली तेच लावावेत, पण काजव्यांना काळोखच लागतो. म्हणजे भंडारदरा, राजमाचीसारख्या भागात मे अखेरपासून पाऊस नीट लागेपर्यंत शो बंद, विषय संपला. आवाजाचंही तसंच, रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची त्यामानाने गरम राहते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता वाकून परत खाली येतो, म्हणूनच दरीपलीकडच्या वाडीतलं भजन आपल्याला इकडे अंगणात शब्दन् शब्द ऐकू येतं. मग आपला स्पीकरही त्यांना तसाच ऐकू जाणार ना! पडद्याशेजारी दोन मोठे भोंगे ठेवण्यापेक्षा रांगांमधे छोटे स्पीकर किंवा सरळ हेडफोन.

पण पत्र्याबद्दल मी मागे हटणार नाही. सन पिक्चर्स सुरू झालं ९ डिसेंबर १९१६ ला, ब्रूम तेव्हा मोत्यांच्या शिंपल्यांच्या धंद्यावर चालणारं बंदर. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो आणि उधाण असलं की पाणी थेट थिएटरात शिरायचं, लोक पाय वर घेऊन पिक्चर बघायचे, १९७४ मधे बांध घातला तोवर हे असंच चाललं. मागे छप्पर, पुढे उघडं आभाळ, कापडी आरामखुर्च्या, बस. (सगळं गोड नव्हतं, वंशानुसार वेगळं बसवायचे, तेही सांगायला हवं.) शंभर वर्षं होऊन गेली, अजून शो लागतात. मला त्यात जे आवडतं ते हे की पाण्याची वेळ पाण्याने ठरवली, आणि थिएटरने ती सोसली.

उलट उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. सह्याद्रीतल्या एका फार्महाऊसवर (नाव नको) सगळं "नॅचरल" होतं, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, मातीच्या रंगाची भिंत, बांबूची तिकीट खिडकी. फक्त पायऱ्या बसवताना जेसीबीने उतार सपाट केला आणि पावसाळ्यात जो ओहोळ तिथून जायचा त्याची वाट बुजवली, एप्रिलमधे ओहोळ कोरडा, कुणाच्या लक्षातही आलं नाही. ऑगस्टमधे मी गेले तेव्हा पाणी भिंतीमागे तुंबून मधल्या तीन पायऱ्या पोट सुटल्यासारख्या पुढे आल्या होत्या, भराव वाहून गेलेला, आणि पडद्याच्या खांबाचं काँक्रीट हातभर उघडं पडलेलं. फोटोत ती जागा ब्रूमपेक्षा कितीतरी सुंदर दिसायची.

म्हणून माझ्या मते मटेरियल नंतर बघावं. आधी एक पूर्ण पावसाळा त्या जागेवर जाऊन पाणी कुठून येतं कुठे जातं ते बघायचं, वारा कुठून, कारण पडदा म्हणजे शीडच असतं, आणि मावळतीचं ऊन पडद्यावर येईल अशी तोंडं करायची नाहीत. उतार आहे तसा वापरायचा, लोकांनी गवतावर बसावं.

आणि "बांधूच नका" हे तर मला मनापासून पटतं, फक्त त्याचा अर्थ पिक्चर दाखवूच नका असा मी घेत नाही. २०१२ मधे थायलंडला याओ नोई बेटाजवळ आर्किटेक्ट ओले शेरेन यांनी तरंगतं थिएटर केलं, तिथले कोळी लॉबस्टर पाळायला जसे तराफे बांधतात त्याच पद्धतीने, आणि नंतर तराफा बेटावरच्या लोकांना देऊन टाकायचा असं आधीपासून ठरलेलं. आपल्याकडे टूरिंग टॉकीज दुसरं काय होतं? आमच्या गावच्या जत्रेत तंबू लागायचा तो पिकं निघालेल्या रानात, ट्रकच्या मागच्या भागात प्रोजेक्टर, खाली ढेकळं टोचायची म्हणून आई घरून पोतं घेऊन यायची. पावसाच्या आत सगळा गाशा गुंडाळून पुढे. जूनमधे त्याच रानात औत फिरलं की खुंट्यांचे खड्डेसुद्धा दिसायचे नाहीत.

पोस्टमधे काजव्यांच्या दिवसांची भर आज रात्री टाकते. तुम्ही दरवर्षी भंडारदऱ्याला जाता असं लिहिलंय, तर तुमच्या बघण्यात काजवे साधारण कुठल्या तारखांना सुरू होतात आणि कधी विझतात तेवढं इथेच खाली लिहाल का?